ट्यूब कापल्यावर ऑर्डर रद्द झाली, तर ॲडव्हान्स कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये एक कारागीर माणसाच्या मापावर स्टीलच्या सायकल फ्रेम बनवून देतो. त्याच्या दोन ऑर्डरी अडकल्यात. पहिली पुण्याच्या एका बाईंची. उंची पाच फूट एक इंच, फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मिळून ४८,००० रुपये, ॲडव्हान्स २०,०००. ट्यूब परदेशातून मागवल्या, तीन कापूनही झाल्या, आणि मेसेज आला: बदली झाली, सायकल नको, पूर्ण पैसे परत करा, नाहीतर ग्राहक मंचात जाते. लेखी म्हणावं तर फक्त व्हॉट्सॲपवरचं बोलणं. दुसरी सांगलीच्या एका गृहस्थांची. फ्रेम नेली, तीन महिने चालवली, आता मान आणि तळहात दुखतात, माप चुकलं, पैसे परत द्या म्हणतात. त्यांची ड्रॉइंगवर सही आहे. तेव्हा विचारणं असं की पहिल्या ठिकाणी किती परत द्यायचे, दुसऱ्या ठिकाणी सही असल्यावर आपण सुटलो की नाही, आणि पुढे लिहून काय घ्यायचं.

मी गोकुळ शिरगावला हेच काम करतो. वकील नाही, पण या धंद्यात गिऱ्हाइकाशी वाजलं नाही असा माणूस नसतो, त्यामुळे कायद्याचं लागेल तेवढं वाचून ठेवलंय. तुमची पुण्याची ऑर्डर आधी घेतो, कारण तिथे उत्तर द्यायला उशीर करून चालणार नाही.

"सगळे परत" आणि "छदामही देत नाही" ही दोन्ही उत्तरं टिकणारी नाहीत. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ७३ मध्ये करार मोडणाऱ्याकडून प्रत्यक्ष झालेलं नुकसान भरून घ्यायची सोय आहे, आणि ७४ मध्ये आधीच ठरवलेल्या दंडाची. गोम ७४ मध्ये आहे. करारात "रद्द केल्यास २०,००० जप्त" असं लिहिलं असलं, तरी तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. मिळते ती त्याच्या आतली वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बाळकिशन दास या खटल्यात हे सांगितलं, आणि २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या निकालात पुन्हा स्पष्ट केलं की नुकसानच झालं नसेल तर भरपाईही नाही. त्यामुळे पावतीवर "विसार" लिहा, "नॉन-रिफंडेबल" लिहा नाहीतर लाल शाईने अधोरेखित करा, शेवटी विचारणार एकच: तुमचं नुकसान किती झालं ते दाखवा. आणि तुम्ही तर काहीच लिहिलेलं नाही.

मग नुकसान मोजूया. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ट्यूबचा सेट कुरिअर आणि कस्टम ड्युटीसकट १४,००० ला पडला. त्यातल्या डाउन ट्यूब, टॉप ट्यूब आणि सीट ट्यूब कापल्या. हेड ट्यूब, चेनस्टे, सीटस्टे, बॉटम ब्रॅकेट शेल आणि ड्रॉपआउट तसेच आहेत, ते पुढच्या कुठल्याही फ्रेमला लागतील. त्यांचे पैसे बाईंच्या नावावर टाकता येणार नाहीत. फोर्कला हात लागलेला नाही. म्हणजे वादात आहेत तीन ट्यूब, साधारण ७,५००.

आता त्या तीन ट्यूब खरंच वाया गेल्या का? हे मापावर अवलंबून असतं आणि गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं. आपल्या ट्यूब टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, ०.८-०.५-०.८ मिलिमीटरची ट्यूब म्हणजे दोन्ही टोकांना ०.८ आणि मधल्या पोटात ०.५. सहा फुटी माणसासाठी कापलेली ट्यूब पुढे साडेपाच फुटी माणसाला आणखी कापून वापरता येते, जाड भाग जिथवर पुरतो तिथवर. टोकाची खाच (दुसऱ्या ट्यूबला बसावी म्हणून घेतलेला गोलसर काप) पातळ भागात गेली की ती ट्यूब मुख्य जोडाला वापरायची नाही, मग ती कितीही सरळ आणि चकचकीत असो. उलट, पाच फूट एक इंचाच्या माणसासाठी कापलेली ट्यूब लांब होत नाही. म्हणून लहान मापाची ऑर्डर रद्द झाली तर नुकसान जास्त, मोठ्या मापाची झाली तर कमी. तुमच्याकडे लहान माप आहे, म्हणजे ७,५०० चं नुकसान दाखवायला तुम्हाला आधार आहे.

पण कलम ७३ च्याच स्पष्टीकरणात असंही आहे की नुकसान मोजताना ते कमी करायचा कुठला मार्ग हाताशी होता हेही बघायचं. तुमच्याकडे मार्ग आहे. बुटक्या माणसांना, त्यातही बायकांना, दुकानातली तयार सायकल मापाची मिळणं अवघड जातं. ७०० च्या चाकांवर फ्रेम लहान करत गेलं की वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायला लागतं, म्हणून कंपन्या तिथे थांबतात. त्यामुळे या मापाचं गिऱ्हाईक कमी, पण जे येतं ते शोधत येतं. त्या ट्यूबला चिठ्ठी लावून ठेवा: लांबी, खाचेचा कोन, तारीख. शक्य असेल तर बाईंनाच विचारा, त्यांच्या ग्रुपमध्ये त्याच उंचीचं कुणी आहे का. ऑर्डर दुसऱ्याच्या नावावर झाली तर कुणाचंच काही जात नाही.

ड्रॉइंगचे ३,००० आणि कापणी, खाचा, जुळवणीचे २,५०० धरले, तर ७,५०० धरून एकूण १३,००० होतात. ७,००० परत. मी असतो तर हेच कागदावर मांडून, ट्यूबच्या बिलाचा आणि कापलेल्या ट्यूबांचा फोटो जोडून आजच पाठवलं असतं, आणि खाली एक ओळ: "सहा महिन्यांत या ट्यूब दुसऱ्या फ्रेमला लागल्या तर त्यांचे निम्मे पैसे तुम्हाला परत करीन." ही ओळ औदार्यासाठी लिहायची नाही. उद्या ग्राहक आयोगासमोर (म्हणजे ज्याला आपण अजून मंच म्हणतो) कागद गेला, तर नुकसान कमी करायची तयारी कुणी दाखवली हे त्या एका ओळीतून कळतं. ड्रॉइंगचे ३,००० मात्र बाई मान्य करतील असं धरून चालू नका. ते वेगळे पडतील असं आधी कधी बोललाच नसाल, तर तिथे तडजोडीला जागा ठेवा.

त्यांनी खरंच तक्रार केली तर? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आल्यापासून गिऱ्हाईक स्वतः राहतं त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतं. म्हणजे सुनावणी पुण्याला, कोल्हापूरला नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्यांना फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. बहुतेक जण आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करतात आणि तिथून तुम्हाला विचारणा येते. तिला सरळ उत्तर द्या, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. आयोगाची नोटीस आली तर ती मिळाल्यापासून ३० दिवसांत म्हणणं द्यायचं, फार तर १५ दिवस वाढवून मिळतात. ४५ दिवसांच्या पुढे मुदत देता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलंय. आपल्याकडची मंडळी नोटीस गल्ल्यात टाकून "बघू की" म्हणतात आणि मग सगळं एकतर्फी जातं. दर वेळी पुण्याला जाणं जमत नसेल तर व्हिडिओवरून हजर राहण्यासाठी अर्ज करता येतो, तो करा.

व्हॉट्सॲपचा पुरावा चालतो, पण नुसता स्क्रीनशॉट टिकेलच असं नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ज्या फोनवर बोलणं झालं तो फोन हाताशी असलेला बरा. तेव्हा निकाल लागेपर्यंत फोन बदलू नका आणि चॅट साफ करू नका.

आता पुढचं. या सगळ्या भानगडीचं मूळ रद्द करण्याच्या दिवशी नसतं. ज्या दिवशी तुम्ही पहिली ट्यूब कापली, त्याच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकाला काय सांगितलं होतं, तिथे ते असतं. आपल्या कामात माघारी न फिरणारे टप्पे मोजकेच. ड्रॉइंग झालं तोवर फक्त आपला वेळ गेलेला असतो. ट्यूब मागवल्या की पैसे अडकले, पण माल शाबूत आहे. ट्यूब कापली की ती त्या एका माणसाची झाली. जोडली की फ्रेमच त्याची झाली. रंग मारला की तो त्याच्या आवडीचा जांभळा झाला, आणि जांभळी फ्रेम दुसऱ्याच्या गळ्यात मारायची म्हणजे रंग काढून पुन्हा भट्टीला द्यायची. पैसे या टप्प्यांना बांधा. "निम्मे आधी, निम्मे नेताना" ही आपल्या जाळी-ग्रिलच्या धंद्यातली पद्धत इथे चालत नाही. ग्रिल शेजारच्या खिडकीला थोडी कापून बसते.

मी ड्रॉइंगची फी वेगळी घेतो, त्याची वेगळी पावती देतो, आणि ड्रॉइंग गिऱ्हाइकाला देऊन टाकतो. ती फी परत मिळत नाही, पण तिच्या बदल्यात त्याच्या हातात वस्तू आहे. उद्या त्याने तेच ड्रॉइंग दुसऱ्याकडून करून घेतलं तरी माझी तक्रार नाही. ट्यूबचे पैसे ट्यूब मागवताना. मजुरीचा पहिला हप्ता कापायच्या आधी. बाकी रंगाच्या आधी, पण कच्ची फ्रेम त्याने येऊन बघितल्यावर. कच्ची फ्रेम बघायला बोलावणं हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त विमा आहे. जोड उघडे असतात, रंगाखाली काही लपलेलं नाही हे त्याला दिसतं, आणि बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट कुठे आले, मागे कॅरियरची भोकं आहेत का, मडगार्डला जागा आहे का, हे सगळं तेव्हाच बोलून होतं. पावसाळ्यात मात्र कच्ची फ्रेम फार दिवस ठेवू नका. आपल्याकडे जुलैत एका रात्रीत लालसर थर येतो, आणि गिऱ्हाईक तो बघून "गंजकी ट्यूब वापरली" म्हणतं.

कापायच्या आदल्या दिवशी जायचा मेसेज मी जवळपास एकाच साच्यात ठेवलाय. तो असा:

"उद्या तुमच्या फ्रेमच्या ट्यूब कापतोय. ड्रॉइंग क्रमांक आणि तारीख सोबत आहे. माप, चाकाचा आकार, टायरची जास्तीत जास्त रुंदी, ब्रेकचा प्रकार एकदा बघून घ्या. बदल असेल किंवा ऑर्डर थांबवायची असेल तर आत्ता सांगा, न कापलेल्या ट्यूबचे पैसे हिशोब करून परत देतो. कापल्यानंतर रद्द केलंत तर कापलेल्या ट्यूबची किंमत आणि तोवरची मजुरी वजा होईल. तुमचं 'हो, कापा' आल्याशिवाय करवत लावणार नाही."

आणि खरंच "हो, कापा" आल्याशिवाय करवत लावायची नाही. जिग (फ्रेम जुळवायचा साचा) रिकामी आहे, पोरगं मोकळं बसलंय, म्हणून "येईलच की होकार" असं म्हणत कापायचं नाही. होकाराला चार दिवस लागले तर समजा गिऱ्हाइकाचं मन डळमळतंय. तेव्हा फोन करून विचारलेलं चांगलं. बेत बदलला असेल तर माणूस त्या फोनवर सांगून मोकळा होतो.

वेबसाइट काढून तिच्यावरून ऑर्डर घ्यायचा विचार असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत रद्द करण्याचा आकार गिऱ्हाइकाला लावायचा असेल, तर विकणाऱ्यानेही स्वतः ऑर्डर रद्द केल्यावर तसाच आकार सोसायला पाहिजे अशी अट आहे. मला ती अट आवडते आणि मी कागदावरच्या ऑर्डरीलाही लावतो. आपणही कधी ऑर्डर सोडतोच, ट्यूब मिळत नाही, हात दुखावतो, मोठं काम येतं. शिवाय २०१९ च्या ग्राहक कायद्यात "अवाजवी करार" अशी व्याख्याच आहे, त्यात नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड लावणारी अट येते. एकाच बाजूला दात असलेली अट तिथे पहिल्यांदा पकडली जाते.

आता आपल्या गावची अडचण. कोल्हापुरात पहिल्या ऑर्डरी ओळखीतूनच येतात: मामाचा मित्र, तालमीतला पोरगा, वडिलांच्या जुन्या पार्टीचा जावई. त्यांच्यासमोर करारपत्र ठेवलं तर "आमच्यावर विश्वास नाही व्हय?" हे ऐकायला मिळतंच. आणि भांडणं सगळ्यात कडू होतात ती याच ऑर्डरींवरून, कारण त्यात पैशाबरोबर नातंही गुंततं आणि मध्यस्थी करणारा मामा दोन्हीकडून बोलणी खातो. माझा तोडगा साधा आहे. करारपत्र म्हणायचंच नाही. ड्रॉइंगच्या खालच्या चौकटीत किंमत, हप्ते, रद्द केल्यास काय, अंदाजे महिना, रंगाचा नंबर हे सगळं छापून ठेवायचं, आणि "माप बरोबर आहे ना, बघून सही कर" म्हणायचं. मापावर सही करायला कुणाला अपमान वाटत नाही. पण ती चौकट वाचून दाखवा, गुपचूप सही घेऊ नका. ओळखीच्या माणसाला सूट द्यायची तर किमतीत द्या, टप्प्यांत देऊ नका.

आता सांगलीचे गृहस्थ.

सही आहे म्हणून सुटलो, असं समजू नका. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये असं आहे की घेणाऱ्याने वस्तू कशासाठी हवी ते सांगितलं, आणि तो विकणाऱ्याच्या कसबावर विसंबून राहिला, तर वस्तू त्या कामाला योग्य असलीच पाहिजे ही अट न लिहिताही धरली जाते. मापावर फ्रेम बांधून घेणारा माणूस तुमच्या कसबावर विसंबूनच आलेला असतो. हेड ट्यूब ७२ अंश, सीट ट्यूब ७३.५, स्टॅक ५७०, रीच ३८० या आकड्यांवर त्याने सही केली, पण त्याचा अर्थ त्याला कळला होता असं कुणी मानणार नाही. म्हणून पहिला प्रश्न हा: अंगाची मापं कुणी घेतली होती? तुम्ही घेतली असतील तर ड्रॉइंगमधली चूक तुमच्या पदरात. फिटरकडून आकडे आणून त्याने तुमच्या हातात ठेवले असतील, तर तुमची जबाबदारी त्या आकड्यांबरहुकूम फ्रेम करण्यापुरती. घरी टेप लावून पाठवली असतील तर भांडण मधलं. अशा मापावर मी तरी फ्रेम बांधत नाही, दिवसभर येऊन जा म्हणतो.

दुसरा प्रश्न: फ्रेम ड्रॉइंगप्रमाणे आहे का? हे त्यांच्यासमोर, त्यांच्याच सायकलवर बघायचं, आणि फ्रेम सुटी करायच्या आधी सायकल ते चालवतात तशीच बघायची. मान आणि तळहात दुखणं म्हणजे बहुतेक वेळा हँडल फार खाली किंवा फार लांब, नाहीतर सीटचं नाक खाली झुकलेलं आणि सगळं वजन हातावर आलेलं. मी आधी फोर्कच्या दांड्याकडे बघतो. सायकल जोडणारा दुकानदार दिसायला छान म्हणून तो दांडा स्टेमच्या (हँडल दांड्याला धरणारा तुकडा) वरच्या कडेलगत कापून टाकतो, खाली स्पेसर (उंची वाढवणारी कडी) एकही नाही. तुमच्या ड्रॉइंगमध्ये ३० मिमी स्पेसर धरलेले असतील, तर हँडल तिथेच जवळपास ३० मिमीने खाली गेलं. एकदा कापलेला दांडा वाढत नाही. तिथे फ्रेमचा काही दोष नाही, पण गिऱ्हाइकाला ते कोण सांगणार? फोर्कच बदलला असेल तर आणखी घोळ: २० मिमी उंच फोर्क लावला की पुढचा भाग उचलला जाऊन दोन्ही कोन जवळपास एक अंशाने मागे कलतात. सीट ट्यूबचा एक अंश म्हणजे ७३० मिमी उंचीवर सीट सुमारे १३ मिमी मागे. तेवढ्यात माणसाची सगळी बसण्याची ठेवण बदलते.

हे सगळं ठीक निघालं तर मग फ्रेम सुटी करून सरफेस प्लेटवर (मोजमापासाठीचा अगदी सपाट पाट) घ्या. स्वतःची नसेल तर उद्यमनगरात कुठल्याही मशीन शॉपमध्ये तासभर मिळेल. डिजिटल अँगल गेज आधी प्लेटवर शून्य करा, मग ट्यूबला लावा. शेडच्या फरशीवर ठेवून मोजलेला कोन हा फरशीचा कोन असतो. निघालेलं माप ड्रॉइंगशेजारी लिहा, तारीख घाला, दोघांनी सही करा. माझा स्वतःचा नियम: लांबीत दोन मिमी आणि कोनात पाव अंशाच्या आत असेल तर फ्रेम बरोबर. कोनात एक अंश किंवा लांबीत दहा मिमी चूक निघाली तर वाद घालायचा नाही, फ्रेम नवी करून द्यायची किंवा पैसे द्यायचे. त्यांनी काय निवडायचं ते त्यांच्यावर सोडा.

आणि चूक स्टेमची निघाली तर? स्टेम तुमच्या पैशाने बदलून द्या. १०० ऐवजी ८० मिमीचा, थोडा वर चढणारा. दीड-दोन हजारांत विषय संपतो. पंधरा दिवस चालवा आणि सांगा म्हणावं. त्यांच्या मानेचं दुखणं सायकलचंच आहे की नाही यावर मात्र बोलू नका. "तुमचं वय झालंय" हे वाक्य तर अजिबात नको. एवढ्या वाक्यावरून मिटत आलेलं भांडण मी पुन्हा पेटताना पाहिलंय.

बिलावर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलं असेल तर ते काढून टाका. दोष असलेला माल बिलातल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीच २०१९ च्या कायद्यात अनुचित प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. ओळखीत रोखीने, बिनबिलाची फ्रेम दिली असेल तर तुम्ही आधीच एक पाऊल मागे.

तडा गेल्याची तक्रार आली तर वरचं सगळं बाजूला ठेवायचं. पहिलं वाक्य: "सायकल चालवू नका, मी मागवून घेतो." डाउन ट्यूब हेड ट्यूबला मिळते ती जागा, उजव्या बाजूचा चेनस्टे ड्रॉपआउटजवळ आणि सीटपोस्ट आवळण्यासाठी सीट ट्यूबला दिलेल्या फटीचं टोक, तडा बहुधा यातल्याच एका ठिकाणी दिसतो. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून लालसर ओघळ असेल तर ती रंगाची रेघ नव्हे. आपल्या घाटांत, पन्हाळ्यावरून किंवा गगनबावड्याच्या उतारावर हेड ट्यूबचा जोड सुटला तर काय होईल हे मी सांगायला नको, आणि वस्तूमुळे इजा झाली तर बनवणाऱ्यावर दावा करायचं वेगळं प्रकरणच २०१९ च्या कायद्यात आहे. दुरुस्ती, नवी फ्रेम, वाहतूक, सगळा खर्च तुमचा. अपघाताची खूण, वाकलेला फोर्क, आत दबलेली ट्यूब दिसली तर फोटो काढून ठेवा, पण तेही सायकल थांबवल्यानंतर.

उशिरावरून रद्द होणाऱ्या ऑर्डरींचं वेगळं आहे, तिथे दोष बहुतेकदा आपल्याकडे असतो. करार कायद्याचं कलम ५५: वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि तुम्ही चुकलात, तर समोरच्याला करार मोडता येतो. लांब पल्ल्याचे सायकलस्वार येतात तेव्हा हे विशेष बघा. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली लांब पल्ल्याची राइड दर चार वर्षांनी असते, मागची २०२३ ला झाली, पुढची २०२७ ला आहे. १,२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास. तिच्या पात्रतेसाठी त्याच मोसमात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या राइड) पुऱ्या कराव्या लागतात. असा माणूस "मोसमाआधी फ्रेम पाहिजे" असं लिहून देतो, आणि आपण "होईल हो" म्हणतो. तिथेच वेळ गाभा झाली. त्याला मोसम उलटल्यावर फ्रेम देऊन उपयोग नाही, त्याने पूर्ण पैसे मागितले तर द्यायचे, कापलेल्या ट्यूब आपल्या. म्हणून तारीख देऊ नका, महिना द्या, आणि पुढे अमुक इतके आठवडे उशीर झाला तर पूर्ण परतावा हे स्वतःहून लिहा. ट्यूब कस्टममध्ये अडकल्या तर त्याच दिवशी कळवा. उशीर एक वेळ गिऱ्हाईक सोसतं, पण आठवडाभर फोन उचलला नाही तर सोसत नाही.

रंगाच्या भांडणाला जास्त लिहीत नाही. फोनवरच्या फोटोवरून शेड ठरवायची नाही, आरएएल नंबर (रंगाच्या शेडचा ठरलेला क्रमांक) घ्यायचा, आणि पावडर कोटिंगवाल्याकडून ट्यूबच्या तुकड्यावर तो रंग मारून घेऊन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. उरलेले तुकडे फेकू नका, ते याच कामाला येतात.

राहिली रद्द झालेली फ्रेम विकायची गोष्ट. जोडून झालेली असेल तर ती दुसऱ्याला देताना नवीन म्हणून द्या, पण दुसऱ्याच्या मापाची आहे हे सांगून, त्याच्या अंगाला बसते का हे बघून. बसत नसेल तर घाईने गळ्यात मारू नका, दोन महिन्यांनी तोच माणूस मानदुखी घेऊन दारात येईल. फ्रेम नंबर नवा घालू नका, जुनाच ठेवून वहीत पुढे नवं नाव लिहा आणि बिल नव्या नावाने करा. पहिल्या गिऱ्हाइकाचा कापून घेतलेला हिशोब विक्रीच्या किमतीशी ताडून बघा. नुकसान भरून निघालं असेल तर वरचे पैसे त्याला पाठवा, सोबत विक्रीच्या बिलाचा फोटो. आणि इन्स्टाग्रामवर ती फ्रेम टाकताना "ऑर्डर देऊन पळालेल्या पार्टीची फ्रेम, स्वस्तात" असलं काही लिहू नका. माप, ट्यूब, किंमत, एवढं लिहा.